सभापतीचे आसन आणि प्रश्नाचा हक्क



प्रश्न विचारणे हा शिक्षणाचा प्रारंभ होय. म्हणूनच गुरुस्मृतीच्या या व्यासपीठावर संसदेच्या प्रश्नोत्तराच्या तासाविषयी आणि त्या तासाची शिस्त राखणाऱ्या सभापतीविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये, असे मला वाटते.

सभेच्या शिस्तीचा विचार सुरतेत मांडताना 1907 सालाचे स्मरण अपरिहार्य आहे. नागपूरला व्हावयाचे काँग्रेसचे अधिवेशन त्या वर्षी तापीकाठी भरले. डॉ. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाला जहालांचा विरोध होता. आपणास तहकुबीची सूचना मांडावयाची आहे, अशी चिठ्ठी लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे पाठविली. तिचे उत्तर आले नाही. 27 डिसेंबरला टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. त्यांना बोलू देण्याचे नाकारण्यात आले. मग जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, आणि अखेर पोलिसांनी मंडप रिकामा केला. दोष कोणाचा, हा निवाडा इतिहासकारांवर सोपवू. मला महत्त्व वाटते ते त्या अनुत्तरित चिठ्ठीचे. ज्याला आपली पाळी येईल असा भरवसा नसतो, त्याला शिस्तीचा आग्रह हा अन्यायच वाटतो.

प्रश्नोत्तराचा तास म्हणजे अशा चिठ्ठीला उत्तर मिळण्याची हमी. सदस्याने किमान 15 दिवस आधी लेखी सूचना द्यावयाची. प्रश्नात युक्तिवाद, उपरोध वा बदनामी नसावी. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरावा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरे तोंडी दिली जातात आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येतात. मंत्र्याची खरी कसोटी लागते ती उपप्रश्नाला, कारण त्याचे उत्तर लिहून आणलेले नसते. येथेच सभापतीचे कौशल्य पणास लागते. उपप्रश्नाचे भाषण होऊ द्यावयाचे नाही, आणि उत्तराची टाळाटाळही खपवून घ्यावयाची नाही.

ही परंपरा घडविण्यात एका मराठी घराण्यातील पुरुषाचा वाटा फार मोठा आहे. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचे घराणे रत्नागिरीकडचे, जन्म 1888 साली बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. 1937 मध्ये ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. 1946 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्षपद त्यांना 66 विरुद्ध 63 अशा निसटत्या मतांनी मिळाले. 15 मे 1952 रोजी पहिल्या लोकसभेने मात्र 394 विरुद्ध 55 मतांनी त्यांची निवड केली. पुढे डिसेंबर 1954 मध्ये त्यांच्याविरुद्धही पदच्युतीचा ठराव आला. सभागृहाने तो फेटाळला. परंतु आसनालाही प्रश्न विचारता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

'चौकशी करू', 'विचार करू' अशी उत्तरे देऊन मंत्री मोकळे होतात, हा अनुभव जुनाच आहे. 1953 साली मावळंकरांनी शासकीय आश्वासनांसंबंधी समिती नेमली. सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे ती तपासते. शिस्त केवळ विरोधकांच्या आवाजाला लावावयाची नसून सरकारच्या शब्दालाही लावावयाची असते, हा तिचा अर्थ मी घेतो.

आज हा तास उपेक्षित होत चालला आहे, याची मला चिंता वाटते. सभागृहाच्या मध्यभागी धाव घेऊन घोषणा देणारे सदस्य आपल्याच सहकाऱ्यांचा प्रश्न बुडवितात. त्या गोंधळात सुटका होते ती मंत्र्याची. उलटपक्षी, 2020 च्या पावसाळी अधिवेशनात साथीच्या कारणास्तव हा तासच रद्द झाला आणि केवळ लेखी उत्तरे राहिली. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांतील 146 सदस्य निलंबित झाले, तेव्हा त्यांचे प्रश्नही यादीतून वगळण्यात आले. सदस्याच्या वर्तनाला शिक्षा जरूर असावी. पण त्याने जो प्रश्न विचारलेला असतो तो त्याच्या एकट्याचा नसतो, मतदारांचाही असतो. त्या प्रश्नाला शिक्षा कशासाठी?

रिकामे सभागृह पूर्ण शांत असते, पण त्या शांततेला कोणी सुव्यवस्था म्हणत नाही. प्रश्न ऐकू यावा आणि उत्तर टळू नये, एवढ्यासाठीच सभापतीची घंटा वाजावी. वर्गात हात वर करणाऱ्या शेवटच्या बाकावरील मुलाकडे ज्या शिक्षकाचे लक्ष जाते, त्याचा वर्ग बहुधा आपोआप शांत असतो. येथील शिक्षकांनी आणि उद्याच्या मतदारांनी एवढे ध्यानी घ्यावे, ही विनंती.