रसिकांची जागल



व्याख्यानमाला म्हटली की ज्ञानेश्वरी, शिवकाल, अर्थसंकल्प किंवा फार झाले तर मधुमेह, असे विषय आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. आजचा विषय त्या पंक्तीत थोडा उपराच वाटेल. एका परदेशी दूरचित्रवाणी मालिकेविषयी, आणि त्याहूनही तिच्या चाहत्यांनी साठ वर्षे चालविलेल्या चर्चेविषयी मी बोलणार आहे. ‘रिकामटेकड्यांच्या गप्पांवर व्याख्यान कशाला?’ असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मी टाळू इच्छीत नाही. किंबहुना त्याचाच विचार आज करावयाचा आहे. नाटकाचा पडदा पडल्यावर घरी जाताना प्रेक्षक जे बोलतो ते निव्वळ वायफळ असते, की त्या बोलण्याने कलेचे काही भले होते? हा आपला आजचा प्रश्न.

मालिकेचे नाव ‘डॉक्टर हू’. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीने तिचा पहिला भाग दाखविला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता. जगाचे लक्ष तिकडे. त्यामुळे पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा दाखवावा लागला. आपणांस कौतुक वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौला जन्मलेला तरुण होता. पंचविशीही त्याने गाठलेली नव्हती. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट त्याच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी. एक हिंदी मुलूखातला तरुण आणि एक तरुण स्त्री, अशा दोघांच्या हाती त्या काळी बीबीसीने ही गाडी दिली, आणि ती गाडी पुढे साठ वर्षांचा पल्ला ओलांडून गेली.

कथा अशी आहे. दुसऱ्या ग्रहावरचा एक चमत्कारिक गृहस्थ कालप्रवास करतो. त्याचे यान बाहेरून पाहिले तर लंडनच्या रस्त्यावर पोलिसांना दूरध्वनी करण्यासाठी जी निळी खोकी असत, त्यांतलेच एक दिसते. आत मात्र ते वाड्याएवढे प्रशस्त आहे. आज तो रोमन साम्राज्यात, उद्या कोण्या दूरच्या ताऱ्यापाशी. १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे काम सोडून गेला. दुसरी एखादी मालिका तेथेच आटोपली असती. लेखकांनी युक्ती काढली: हा परग्रहवासी मरणाच्या दारी आला की सापाने कात टाकावी तसे शरीर टाकतो आणि नवा चेहरा, नवा स्वभाव घेऊन उठतो. अडचणीतून निघालेली ही वाट मालिकेचा प्राण ठरली. नट बदलत गेले, डॉक्टर तोच राहिला.

आता इतकी वर्षे, इतक्या लेखकांनी लिहिलेल्या कथेत विसंगती येणारच. अटलांटिस नावाचे बुडालेले नगर पाश्चात्त्य पुराणांत प्रसिद्ध आहे. १९६७ च्या एका कथेत या नगराचा एका प्रकारे नाश होतो. १९७१ च्या कथेत निराळेच कारण सांगितले जाते. आणि १९७२ च्या कथेत ते तिसऱ्याच तऱ्हेने बुडते! सामान्य प्रेक्षक ‘चालायचेच’ म्हणून सोडून देईल. चाहत्यांनी ते सोडले नाही. तीन कथांत मेळ कसा घालावा यावर त्यांनी पत्रे लिहिली, लेख लिहिले, रात्री जागविल्या.

आपण हसलात, हे ठीकच आहे. पण जरा आपल्याकडे पाहा. कोणत्या रामायणात कोणता प्रसंग कसा आहे, एका पुराणात एक आणि दुसऱ्यात दुसरे असे का, यावर आपल्या पुराणिकांनी किती पिढ्या घालविल्या! मीमांसकांनी तर परस्परविरुद्ध वाटणाऱ्या वचनांची एकवाक्यता करण्याचे शास्त्रच उभारले. ज्या कथेवर माणसाचे प्रेम जडते, ती सुसंगत असावी असे त्याला वाटते. श्रद्धेचा विषय आणि करमणुकीचा विषय यांत अंतर आहे, हे मी जाणतो. परंतु मनाची ही धडपड दोन्हीकडे एकाच जातीची आहे. जो मनुष्य विसंगती शोधतो, त्याने ते काम लक्ष देऊन ऐकलेले असते. आणि कोणत्याही कलावंताला याहून मोठे दान प्रेक्षक काय देणार?

पण चाहत्यांची खरी कामगिरी पुढेच आहे.

त्या काळी चित्रफीत फार महाग होती. एकदा प्रक्षेपण झाले की तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेत. परदेशी विकण्यासाठी ज्या प्रती काढीत, त्याही विक्रीची मुदत संपली की नष्ट करीत. कार्यक्रम पुन्हापुन्हा दाखविण्यावर कलावंतांच्या करारांची बंधने होती. घरोघरी चित्रफिती ठेवण्याचा काळ अजून यावयाचा होता. तेव्हा ‘ही अडगळ ठेवून करायचे काय?’ हा प्रश्न अधिकाऱ्यांना पडला, यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. परिणाम मात्र भयंकर झाला. पहिल्या सहा वर्षांत मालिकेचे २५३ भाग झाले. त्यांपैकी नव्वदहून अधिक भागांचे चित्र आज जगात कोठेही उपलब्ध नाही. १९७८ च्या सुमारास ही नासधूस थांबली. त्या वेळी एका चाहत्याने बीबीसीच्या दारात जाऊन चौकशी केली नसती, तर उरलेल्यांतलेही बरेच भाग गेले असते.

आता नवल ऐका. चित्र गेले, पण आवाज गेला नाही. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो बीबीसीने जपला नाही; तो जपला शाळकरी पोरांनी! इंग्लंडात घरोघरी काही मुले शनिवारी संध्याकाळी दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिमुद्रणयंत्र मांडून बसत. पुन्हा पाहायला मिळणार नाही, निदान पुन्हा ऐकता तरी यावे, एवढीच त्यांची इच्छा. कोणी ध्वनिग्राहक संचासमोर धरी, कोणी संचाच्या आतल्या तारेलाच आपले यंत्र जोडी. पुढे याच ध्वनिफितींच्या आधारे हरवलेल्या भागांना नवी रेखाचित्रे जोडण्यात आली; २००६ साली ‘द इन्व्हेजन’ या कथेचे दोन हरवलेले भाग असेच पुन्हा उभे राहिले. चाहत्यांनी जगभर शोध चालूच ठेवला. २०१३ साली नायजेरियातील जोस शहरातून नऊ हरवलेले भाग सापडल्याची वार्ता आली. ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, त्याने एका बलाढ्य संस्थेची चूक अंशतः तरी भरून काढली.

जेथे असे राखणदार पुरेसे नव्हते तेथे काय झाले, तेही पाहू. त्यात आपल्या एका थोर मराठी माणसाच्या गुरूचा संबंध येतो. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. हे हॉइल मोठे खगोलशास्त्रज्ञ, आणि हौसेने विज्ञानकथा लिहिणारे. १९६१ साली जॉन एलियट यांच्यासह त्यांनी बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका लिहिली. दूरच्या तारकासमूहाकडून संदेश येतो, आणि त्यात एक संगणक बांधण्याची कृती दडलेली असते, अशी ती कथा. आज त्या सात भागांपैकी एकच पूर्ण स्वरूपात सापडतो; बाकीच्यांचे काही तुकडे तेवढे उरले आहेत. पुढे नारळीकरांनी मायदेशी येऊन १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली. नाव दिले नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून! कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, पण ती कथा आहे, कारण ती कागदावर होती. गुरूची मालिका फितीवर होती, ती गेली. आणि परदेशाला नावे ठेवण्यापूर्वी हेही स्मरावे की आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ हा १९३१ चा. त्याची एकही प्रत आज अस्तित्वात नाही. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर उशीर होऊन गेला होता.

चाहत्यांचे केवळ गुणगान करणे मात्र माझ्याने होणार नाही. रसिकतेला एक रोग जडतो, तो मालकीहक्काचा. ‘आमच्या वेळचे खरे, आताचे खोटे’, हा त्याचा पहिला ताप. १९७६ साली या मालिकेच्या रसिकांचे मंडळ निघाले, आणि त्याच वर्षी आलेल्या ‘द डेडली असॅसिन’ या कथेवर मंडळाच्या अध्यक्षांनीच कडाडून टीका केली: जुनी जादू गेली म्हणून. आज ती कथा मालिकेतल्या उत्तम कथांत गणली जाते. दुसरे उदाहरण याहून गमतीचे. १९८६ साली बीबीसीच्याच एका कार्यक्रमात क्रिस चिबनल नावाचा कोवळा चाहता लेखकांना तोंडावर सुनावून गेला की तुमचे कथानक शिळे झाले आहे. बत्तीस वर्षांनी, २०१८ पासून, मालिकेचा मुख्य सूत्रधार तोच झाला. आणि नव्या पिढीच्या चाहत्यांनी त्याला तेच ऐकविले! टीका करणे सोपे की लिहिणे सोपे, याचा धडा एका जन्मातच गिरविण्याचे भाग्य सर्वांना लाभत नाही.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. १९८९ साली मालिका बंद पडली. पुढची सोळा वर्षे, १९९६ चा एक चित्रपट सोडला, तर पडद्यावर फारसे काही नवे आले नाही. त्या दुष्काळात तिला जगविले ते कादंबऱ्या लिहिणाऱ्या, ध्वनिनाट्ये करणाऱ्या, एकत्र जमून वाद घालणाऱ्या चाहत्यांनी. २००५ साली ज्या रसेल डेव्हिस यांनी ती पुन्हा सुरू केली, ते लहानपणापासूनचे चाहते. पंधराव्या वर्षी साप्ताहिकाला चाहत्याचे पत्र लिहिणारा पीटर कपाल्डी पुढे स्वतःच डॉक्टर झाला. म्हणजे चर्चा ही बियाण्यासारखी आहे. कोठारात पडून आहे तोवर निरुपयोगी दिसते; पाऊस आला की कळते ती कशासाठी राखली होती.

श्रोतेहो, बियाण्याचा दाखला मी मुद्दाम दिला. आपण धानाच्या मुलखात राहतो. रानडुकरांपासून पीक वाचवायचे तर मचाणावर जागल करावी लागते, हे येथे कोणाला सांगायला नको. धान निघाले, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार होते. पुढे हिवाळाभर अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडील गावांत दिवसा शंकरपट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. वडशाहून नाटकमंडळी येतात, मंडपात माणूस मावत नाही, आणि पहाटे घरी परतताना ‘मागच्या सालचा खलनायक बरा होता की यंदाचा’ यावर वाट सरते. ही चर्चा आणि त्या इंग्रज पोरांची चर्चा, यांत मला काडीचा फरक दिसत नाही. आपणही रसिक आहोत, आणि हाडाचे रसिक आहोत.

फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. त्यांनी ध्वनिमुद्रण केले. आपण काय करतो? दंडारीतली गाणी, सोंगांची बोलणी बरीचशी तोंडी परंपरेने आलेली. ज्या म्हाताऱ्या शाहिराला ती पाठ आहेत तो गेला, की त्याच्याबरोबर एक ग्रंथालय जळते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी आणि या लोककलेसाठी पुष्कळ केले आहे. पण एकट्या अभ्यासकाने किती गावे फिरावीत? बीबीसीपाशी पैसा होता, कोठारे होती, कर्मचारी होते. तरी अखेर कामी आले ते घराघरांतले हौशी हात. आपल्यापाशी तर कोठारही नाही.

साधन मात्र आहे. १९६० च्या दशकातल्या त्या मुलाला जे यंत्र आईबापांपाशी हट्ट करून मिळवावे लागे, त्याहून शतपट चांगले यंत्र आज आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात आहे. उणीव यंत्राची नाही, शिस्तीची आहे. म्हणून चार साध्या गोष्टी सुचवितो. मुद्रण करण्यापूर्वी कलावंतांची परवानगी घ्या. त्यांचे पोट त्या कलेवर आहे. कोण गातो, कोणते गाव, कोणती तिथी, हे आरंभीच तोंडाने बोलून नोंदवा. निनावी मुद्रण पुढे अर्ध्या किमतीचे ठरते. झाडीबोली असो, पोवारी असो, गोंडी असो, जसे म्हटले तसेच राखा. शुद्ध करण्याच्या भरीस पडू नका. आणि एक प्रत स्वतःपाशी ठेवली तर दुसरी गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा. फोन पाण्यात पडतो, चोरीस जातो, भरला म्हणून पुसला जातो. फीत महाग म्हणून पुसणारे बीबीसीचे अधिकारी आणि जागा नाही म्हणून पुसणारे आपण, यांत नंतरच्या पिढीला फरक दिसणार नाही.

काय टिकेल आणि काय नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. १९६३ साली कोणी म्हटले असते की मुलांसाठी काढलेला हा शनिवारचा खेळ साठ वर्षांनीही चर्चिला जाईल, तर त्याला वेड्यात काढले असते. म्हणून श्रेष्ठ-कनिष्ठाचा निवाडा करण्यापूर्वी आधी राखावे. निवाडा करायला पुढचे लोक समर्थ आहेत. मात्र निवाड्यासाठी त्यांच्यापुढे काही उरले पाहिजे. येत्या मंडईला आपण जाल, तेव्हा पाहा, हसा, वाद घाला, नावेही ठेवा. आणि त्यातले एक तरी गाणे नावगावासह जपून ठेवा.