शेऱ्याचा रकाना

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली. आज तुमच्याशी मला एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे ‘लक्षणीय’. पेपरात तो रोज भेटतो: लक्षणीय वाढ, लक्षणीय घट. विज्ञान शाखेच्या मुलांनी पुस्तकात त्याला ‘सार्थकता’ म्हटलेलं वाचलं असेल आणि प्रॅक्टिकलच्या वहीत ‘सिग्निफिकन्ट आला’ असं लिहून गुण मिळवले असतील. हाच शब्द दवाखान्यांच्या आकड्यांना लावला की माणसांचं काय होतं, ते मला सांगायचं आहे.

नांदेडची गोष्ट तुमच्या लक्षात असेल. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ जण दगावले. त्यांतली १२ नवजात बाळं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात ज्यांना ज्यांना माझा विषय माहीत होता, त्यांनी मला एकच विचारलं: सर, हे खरंच नेहमीपेक्षा जास्त आहे, की एवढ्या मोठ्या दवाखान्यात असं होतच असतं?

प्रश्न रास्त होता, आणि त्याला गणित आहे. अधूनमधून घडणाऱ्या घटना मोजायचं एक सूत्र प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. पुढचे आकडे नांदेडचे नाहीत, कल्पनेतले आहेत, हे ध्यानात ठेवा. समजा एका रुग्णालयात रोज सरासरी १२ मृत्यू होतात. तिथं एखाद्या दिवशी २४ किंवा त्याहून जास्त मृत्यू निव्वळ योगायोगानं होण्याची शक्यता हजारात एक-दोन इतकीच. कुठलाही परीक्षक म्हणेल, सार्थ फरक आहे, चौकशी करा. आता दुसरं रुग्णालय घ्या. तिथं रोजची सरासरीच १८ आहे. तिथं तेच २४ मृत्यू झाले, तर योगायोगाची शक्यता दहात एक निघते. परीक्षक म्हणेल, सार्थ नाही.

थोडं थांबा आणि या दोन उत्तरांकडे बघा. ज्या दवाखान्यात रोज जास्त माणसं मरतात, त्याचा वाईट दिवस गणितात ‘नेहमीसारखा’ दिसतो. गणित चुकलेलं नाही. त्याला आपण विचारलं होतं, आजचा दिवस कालच्यापेक्षा वेगळा होता का? कालचा दिवस आपल्याला मान्य आहे का, हे आपण विचारलंच नव्हतं. ते गणिताला विचारता येत नाही. ते गावच्या बाजारात, ग्रामसभेत, विधानसभेत, कोर्टात विचारायचं असतं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर माझ्याकडून अन्याय होईल. हजारात एक-दोनची शक्यता म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांचा हिशेब धरला तर एकाच रुग्णालयात दीड-दोन वर्षांत एकदा असा दिवस यायचाच. महाराष्ट्रातली सगळी मोठी रुग्णालयं धरली, तर कुठे ना कुठे तो लवकरच येणार. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला सुळावर चढवता येत नाही आणि कुणाला सोडूनही देता येत नाही. त्या दिवशी कोण किती उशिरा पोचलं, कुठून रेफर होऊन आलं, एका कॉटवर किती होते, औषध होतं का, सिस्टर किती होत्या, हे एकेक करून बघावं लागतं. योगायोगाची ही शक्यता, म्हणजेच पी व्हॅल्यू, दाराशी आणून सोडते. आत आपल्यालाच जावं लागतं.

आता आकडे कुठून येतात ते बघू. आपल्या देशात दवाखान्यात भरती होण्याची महत्त्वाची माहिती राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातून मिळते. त्याच्या ७५ व्या फेरीत, जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, १,१३,८२३ घरांना आणि ५,५५,११५ माणसांना प्रश्न विचारले गेले: गेल्या ३६५ दिवसांत कोण अॅडमिट होतं, कुठं, किती खर्च आला? बाळंतपणं सोडून एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये निघाला आणि खाजगीत ३१,८४५. सात पट. आणि तरीही निम्म्याहून जास्त भरती खाजगीतच होती. एवढ्या फरकाला कुठलीही परीक्षा लावायची गरज नाही. सोयाबीनच्या एका हंगामाचा पैसा आणि एक ऑपरेशन यांचा हिशेब तुमच्या घरात कुणीतरी घातलेला आहे.

पण ‘साडेपाच लाख माणसं’ या आकड्यानं भल्याभल्यांचं डोकं फिरतं. समजा, एका राज्यातले रुग्ण सरासरी ५.१ दिवस राहिले आणि दुसऱ्यातले ५.२. नमुना पुरेसा मोठा असेल, तर हा सुमारे अडीच तासांचा फरकही ‘सार्थ’ येईल, आणि कुणीतरी त्यावर निबंध लिहील. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली की फरक ‘सार्थ’, ही रेघ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकानं रूढ केली. फिशर इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. त्यांच्यासमोर खताचे प्रयोग होते, मोजकेच तुकडे होते. लाखांच्या ढिगाऱ्यावर तीच रेघ ओढली, तर जवळपास काहीही पलीकडे जाऊन पडतं.

नमुना मोठा असला की तो खरा असतो, हाही एक भ्रम. इथं मला पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची आठवण करून द्यायची आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले. जगानं मानलेले सांख्यिक. पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिला आहे: कृषी सहायक येतात, शेतात दोरी लावून तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून तोलतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचा विमा ठरतो. तो तुकडा केवढा असावा, यावरून सुखात्म्यांचा थेट सांख्यिक प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला होता. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला, तर कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. असे हजार लहान तुकडे घेतले तरी चूक मिटत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

दवाखान्याच्या आकड्यांत अशी कड कुठं असते? एक तर, सर्वेक्षणात एका गावातली साधारण आठ घरं घेतात, आणि त्यात गेल्या वर्षी कुणी भरती झालेलं घर मुद्दाम जास्त प्रमाणात निवडतात, नाहीतर आजारपणाची माहितीच हाती लागणार नाही. म्हणून तो वाढीव वाटा हिशेबात सरळ करायला प्रत्येक घराला एक भार दिलेला असतो. तो भार न लावता टक्केवारी काढली, तर निम्मा देश दवाखान्यात पडलाय असं वाटेल. शिवाय त्या आठही घरांचं पाणी एक, रस्ता एक, डॉक्टर एक. आठ घरं म्हणजे आठ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. कॉम्प्युटरला हे सांगितलं नाही, तर तो आनंदानं सगळं सार्थ ठरवून देतो. ही चूक आपल्याकडेच होते असं नाही. अमेरिकेत दवाखान्यातल्या भरतीचा एक राष्ट्रीय नमुना आहे, वर्षाला सुमारे ७० लाख भरतींचा. त्यावर छापून आलेले १२० निबंध तपासले तेव्हा त्यांतल्या ८५ टक्क्यांनी नमुन्याचा निदान एक तरी नियम पाळला नव्हता. ही तपासणी २०१७ साली तिथल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

दुसरी कड माझ्या घरातली आहे. माझे चुलते छातीत दुखतंय म्हणून रात्री जवळच्या दवाखान्यात गेले. त्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. केसपेपर निघाला, सलाईन लागलं, तासाभरात ‘मोठ्या दवाखान्यात हलवा’ म्हणाले. गाडी मिळायला वेळ गेला. चुलते वाटेतच गेले. पुढं मी त्या दवाखान्याचं रजिस्टर बघितलं. त्यांच्या नावासमोर मुक्काम एक दिवस, शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: रेफर. मोठ्या दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांचं नाव नाही, कारण ते तिथं पोचलेच नाहीत. दोन्ही दवाखान्यांच्या मृत्युदरात चुलते नाहीत. उलट पहिल्या दवाखान्याचा सरासरी मुक्काम त्यांच्यामुळे थोडा कमी झाला, आणि कागदावर मुक्काम कमी होणं ही चांगली गोष्ट समजतात. आणि ते पोचले असते, तर एकाच माणसाच्या दोन भरती मोजल्या गेल्या असत्या. रजिस्टर मुक्काम मोजतं. माणूस त्या मुक्कामांच्या मधल्या रस्त्यावर असतो.

सार्थकतेची हीच परीक्षा नीट वापरली, तर ती काय करू शकते, तेही ऐका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखान्याच्या रजिस्टरावर विसंबून राहायचं नाही असं ठरवलं. तिथली बाळं घरी जन्मत होती, घरीच जात होती. त्यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, तुलनेला ४७ गावं ठेवली, आणि दोन्हीकडचा प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू घरी जाऊन नोंदवला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला. तिथंही पी व्हॅल्यू होती. पण प्रश्न आधी ठरला होता, मोजणी त्यानंतर झाली, आणि फरक इतका मोठा होता की तो एखाद्या आजीलाही दिसला असता. मी विद्यार्थ्यांना सार्थकता शिकवताना नेहमी हेच उदाहरण देतो.

तुमच्यापैकी कुणी नर्सिंगला जाईल, कुणी आशाताईंच्या नोंदी तपासेल, कुणी तलाठी होईल, कुणी विमा कंपनीत बसेल. आकडा दिल्लीत छापला जातो, पण लिहिला जातो तो तुमच्यासारख्यांच्या हातानं, रात्रपाळीत, घाईत. म्हणून एका सिस्टरांबद्दल सांगून थांबतो.

एका ग्रामीण रुग्णालयात मी नोंदी बघायला गेलो होतो. तिथल्या सिस्टरांनी रजिस्टरात शेऱ्याच्या पुढं पट्टीनं रेघ मारून स्वतःचा एक रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, ‘पुढे काय झालं’. ज्यांना रेफर केलं, त्यांच्या नातेवाइकांना सिस्टर दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाइलवरून फोन करायच्या आणि एक ओळ लिहायच्या. पोचले, बरे आहेत. पोचले, आयसीयूत आहेत. उचलत नाहीत. वारल्या. जेमतेम एक पान भरलं होतं.

मी ते पान उतरवून घेतलं. रात्री रेफर झालेले आणि दिवसा रेफर झालेले यांत फरक आहे का, ते तपासलं. रात्रीचे जास्त दगावले होते, पण संख्या इतकी लहान होती की उत्तर सार्थ आलं नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा सिस्टरांना खरं तेच सांगितलं. त्या थोड्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “सर, म्हणजे मी हे लिहिणं बंद करू का?”

मी म्हटलं, “नका करू. बदली झाली तर पुढच्या सिस्टरांनाही रेघ मारायला सांगा.”