सशांच्या पिंजऱ्याला आपोआप पाणी



आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. धानाच्या जोडीला घराच्या सांदवाडीत कोंबड्या-शेळ्या असतातच. आता काही शेतकरी ससेही पाळू लागले आहेत. जागा थोडी लागते, चारा घरचा चालतो आणि पिले लवकर वाढतात. पण सशांच्या बाबतीत एक चुकीची समजूत अजून पुष्कळांच्या मनात आहे. "सशाला पाणी कशाला? हिरव्या पाल्यात त्याचं भागतं!" बंधूंनो, या समजुतीपायी ससे मरतात. म्हणून आज आपण सशांच्या पाण्याचाच विचार करू, आणि हे पाणी आपोआप कसे देता येईल तेही पाहू.

आधी एक खुलासा करतो. रानातला ससा पकडून पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला धरणे किंवा मारणे गुन्हा आहे. पाळायचे ते न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला यांसारख्या पाळीव जातींचे ससे.

पाणी किती लागते?

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या वर गेली की तो बेचैन होतो, ३५ च्या पुढे त्याच्या जिवाला धोका असतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो! अशा वेळी पाणी तुटले तर ससा आधी खाणे सोडतो, लेंड्या बारीक आणि कडक पडतात, मग वजन घटते. व्यालेल्या मादीचे दूध आटते. तहानेने कासावीस झालेली मादी कधी कधी आपलीच पिले खाते. मग आपण म्हणतो, मादी खोडीची निघाली. पण दोष पुष्कळदा रिकाम्या भांड्याचा असतो.

साडेतीन-चार किलो वजनाच्या मोठ्या सशाला उन्हाळ्यात रोज सुमारे अर्धा लिटर पाणी धरा. पिलांना पाजणाऱ्या मादीला पिलांसह दोन लिटरपर्यंत लागते. समजा तुमच्याकडे दहा माद्या आणि तीन नर आहेत. त्यांतल्या चार माद्या व्यालेल्या, म्हणजे आठ लिटर. उरलेल्या सहा माद्यांना तीन लिटर, नरांना दीड लिटर. दूध तुटलेली तीस पिले असतील तर पाव लिटरप्रमाणे साडेसात लिटर. एकूण वीस लिटर झाले.

भांड्याने का भागत नाही?

आता तुम्ही म्हणाल, वीस लिटर म्हणजे दोन बादल्या, त्याला एवढी यातायात कशाला? अडचण अशी आहे की ससा संध्याकाळी आणि रात्री जास्त खातो-पितो. सकाळी भरलेले भांडे तोवर सांडलेले असते, नाही तर त्यात लेंड्या पडलेल्या असतात. शिवाय रोवणीचे दिवस आठवा. घरातली सगळी माणसे सकाळीच बांधीत जातात, ती अंधार पडता पडता परततात. दिवसभर सशांकडे पाहणार कोण? आणि पाणी भरण्याचे काम बहुतेक घरच्या बाईकडेच असते. ती दिवसभर चिखलात वाकून आल्यावर पुन्हा वीस भांडी घासणार आणि भरणार. एखाद दिवशी राहून जाते, त्यात तिचा काय दोष?

व्यवस्था कशी उभारावी?

यासाठी वीज लागत नाही, मोटार लागत नाही. पाणी उंचावरून आपल्या वजनाने खाली येते, एवढाच त्यातला हिशेब. सामान असे घ्या: झाकणाचा एक ५० लिटरचा ड्रम, एक तोटी, एक गाळणी, ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची नळी, नळीच्या टोकाला लावायला एक कॉक आणि सशांसाठीचे निपल. निपल म्हणजे पितळेची किंवा पोलादाची छोटी तोटी, तिच्या तोंडाशी हलणारी काडी असते. सशाने जिभेने काडी हलवली की पाणी येते, सोडली की बंद होते. दुकानात सशांचेच निपल मागा, कोंबड्यांचे निपल वेगळे असतात.

१. ड्रम गडद रंगाचा घ्या. पांढऱ्या, उजेड आत जाणाऱ्या ड्रममध्ये शेवाळ धरते. ड्रम सावलीत ठेवा, टिनावर कधीच नाही.

२. ड्रमचा तळ निपलपेक्षा सुमारे तीन फूट उंच असावा. घरावरच्या टाकीतून थेट नळी जोडू नका. तेवढ्या दाबाने निपल गळतात. टाकीचे पाणी आधी ड्रममध्ये घ्या. तिथे तरंगता गोळा असलेला व्हॉल्व बसवला की ड्रम आपोआप भरतो आणि भरला की बंद होतो.

३. ड्रमची तोटी तळापासून दोन इंच वर बसवा, म्हणजे गाळ खालीच राहील. तोटीपुढे गाळणी लावा.

४. मुख्य नळी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूने, जाळीच्या बाहेरून न्या. आत फक्त निपलचे तोंड असावे. नळी आत गेली की सशाने ती कुरतडलीच म्हणून समजा.

५. नळीला शेवटपर्यंत थोडा थोडा उतार द्या. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे हवा अडकते आणि पुढच्या पिंजऱ्यांना पाणी मिळत नाही. शेवटच्या टोकाला कॉक बसवा. नळी प्रथम भरताना तो उघडा ठेवा, पाण्याची धार सलग आली की बंद करा.

६. मोठ्या सशासाठी निपल जाळीच्या तळापासून वीतभर, म्हणजे नऊ इंच उंच असावा. पिलांसाठी सहा-सात इंच. मादी आणि पिले एकत्र असतील तर पिलांची उंची धरा. पिले तीन आठवड्यांची झाली की घरट्याबाहेर येऊन पाणी शोधू लागतात. पिलांच्या सामाईक पिंजऱ्यात दोन निपल लावा, एक अडला तरी दुसरा चालू राहील.

सशांना सवय कशी लावावी?

पहिले दोन-तीन दिवस जुने भांडे काढू नका. निपलच्या काडीला बोट लावून पाण्याचा थेंब तोंडाशी आणून ठेवा, ससा चाटायला येतो. प्रत्येक ससा निपलवर पिताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच भांडे काढा.

रोजची देखरेख

आपोआप पाणी म्हणजे बिनदेखरेखीचे पाणी नव्हे, बरं का! रोज चारा टाकताना प्रत्येक निपलला बोट लावा. पाणी आले तर ठीक, नाही तर तो लगेच काढून धुवा. अडलेला निपल भरलेल्या ड्रमखाली सशाला तहानेने मारतो, आणि ड्रम भरलेला असल्यामुळे आपल्याला शंकाही येत नाही. गळणारा निपलही वाईटच. त्याने पिंजरा ओला राहतो, माश्या वाढतात, पायांना जखमा होतात आणि पिलांना हगवण लागण्याचा धोका वाढतो.

उन्हाळ्यात दुपारी नळीतले पाणी गरम होते आणि ससे ते पीत नाहीत. म्हणून दुपारी एकदा टोकाचा कॉक उघडून गरम पाणी बाहेर काढा, ते परसातल्या झाडांना जाऊ द्या. ड्रमभोवती ओले पोते गुंडाळा. मे महिन्यात निपलच्या जोडीला मातीच्या जड भांड्यात गार पाणी ठेवले तर फारच चांगले.

आठवड्यातून एकदा कॉक उघडून नळी धुऊन काढा. महिन्यातून एकदा दहा लिटर पाण्यात एक चहाचा चमचा ब्लीचिंग पावडर कालवा. गाळ खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी नळीत दोन तास ठेवा. तेवढा वेळ निपल पिंजऱ्यातून काढून ठेवा आणि सशांना भांड्यात साधे पाणी द्या. नंतर वास जाईपर्यंत नळी स्वच्छ पाण्याने धुवा. पाण्यातून औषध किंवा गूळ दिला असेल तर त्याच दिवशी नळी धुवा, नाही तर आत बुळबुळीत थर धरतो. तुमच्या पाण्याने भांड्याला तांबूस थर चढत असेल तर निपल लवकर अडतात, ते जास्त वेळा काढून स्वच्छ करा.

ज्यांच्याकडे दोन-तीनच ससे आहेत त्यांनी एवढा खर्च करू नये. प्रत्येक पिंजऱ्याला निपल लावलेली एक बाटली उलटी बांधली तरी काम भागते. बाटलीवर मात्र ओले फडके गुंडाळा.

अधिक माहितीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात जरूर विचारा. आणि ही व्यवस्था उन्हाळा लागण्यापूर्वीच उभी करा. होळीपर्यंत नळी बसली आणि ससे तिच्यावर पिऊ लागले, तर मे महिन्यात तुम्हाला पिंजऱ्यातून मेलेले ससे उचलावे लागणार नाहीत. रोवणीच्या दिवसांत बांधीतून दमून आलेल्या आपल्या माणसालाही घटकाभर बसता येईल.