झाडीपट्टीचं नाटक : पडद्यापुढचं आणि पडद्यामागचं
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सांस्कृतिक संध्येतील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपल्या संस्थेने काय कमावलं याचा हिशेब सचिवांनी मांडलाच आहे. मी जन्मभर बँकेत आकडे मोडले, त्यामुळे आज वेगळ्या विषयावर बोलतो. पुढच्या कार्यक्रमात डीजे आणावा की नाटक, अशी चर्चा समितीत चालू आहे. त्यात माझं मत मागितलं गेलं. ते मी जरा विस्ताराने देतो.

आपलं लाखांदूर भंडारा जिल्ह्यात आणि वडसा गडचिरोली जिल्ह्यात. जिल्हा बदलला तरी झाडी एकच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यातली ही रंगभूमी. वडसा तिचं ठाणं का झालं? एक तर तिथे रेल्वे आहे, आणि चारही जिल्ह्यांतल्या गावांना ते सोयीचं आहे. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथेच. गावचं मंडळ तिथे जातं, नाटक ठरवतं, तारीख घेतं आणि इसार देऊन येतं.

दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली की मंडई सुरू होते. धान निघालेलं असतं, हातात चार पैसे असतात, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, "नाटक कोणतं हाय?" होळीपर्यंत हा हंगाम चालतो. रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि कोंबडं आरवेपर्यंत नाटक चालतं. थंडी मी म्हणत असते, पण घोंगडी पांघरून अख्खं घर बसतं. तिकिटातून कंपनीचे पैसे देऊन जे उरतं त्यातून कित्येक गावांनी देऊळ, शाळा, समाजमंदिर यांची कामं केली. म्हणून गावाला हे नाटक आपलं वाटतं.

या रंगभूमीला 2023 साली मोठा मान मिळाला. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे निरनिराळ्या भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. आपल्याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरचा माणूस दिल्लीच्या दरबारात गेला, हे ऐकून माझ्यासारख्याचा ऊर भरून आला.

पण नाव नटाचं होतं. स्टेजच्या खाली बसलेला ऑर्गनवाला आणि तबलजी कोणाच्या ध्यानात राहतात? आमच्या तरुणपणी पायपेटी, ऑर्गन, तबला असा संच असे. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. तरी गाणं नटानेच तिथल्या तिथे गायचं आणि साथ जागेवरच द्यायची. नटाने पट्टी चढवली की वादकाने त्याच्यामागे धावायचं. नट ओळ विसरला तर चार आवर्तनं वाजवून त्याला सावरून घ्यायचं. सिनेमासारखं परत रेकॉर्डिंग नाही. पहाटे सामान आवरायचं, गाडीत बसल्या बसल्या डुलकी घ्यायची आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा तोंडाला रंग. सलग चार महिने हेच.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर पूर्वी हौशी माणसं टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसत. आता शंभर मोबाइल वर होतात आणि सकाळी गाणं यूट्यूबवर दिसतं. एखादं गाणं पसरलं तर नाटकाची जाहिरात होते, हे चांगलंच. पण अख्खं नाटक फुकट चढवलं, तर उद्या तिकीट कोण काढणार? आणि त्या व्हिडिओचा पैसा वादकाच्या हातात येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता बँकवाल्याचं बोलतो, राजेहो. होळीनंतर हे कलावंत शेतावर, मजुरीला, तेंदूपत्त्याला जातात. एकदा असा एक ऑर्गनवाला माझ्याकडे कीबोर्डसाठी कर्ज मागायला आला. पगारपत्रक नाही, सातबारा भावकीत अडकलेला. मी त्याला बचत खातं उघडून दिलं आणि म्हटलं, नाईट झाली की त्यातले शंभर रुपये इथे टाकत जा. पुढल्या हंगामाआधी त्याने जुनाच, पण स्वतःचा कीबोर्ड घेतला. व्याजाने पैसे काढावे लागले नाहीत. 2020 साली कोरोनाने हंगाम बुडाला, तेव्हा ज्यांच्या खात्यात चार पैसे होते ते तगले. बाकीच्यांनी उसनवारीवर दिवस काढले.

सगळ्यात मोठी भीती रस्त्याची. झोपेला आलेला ड्रायव्हर आणि धुक्याचा रस्ता. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. 18 ते 70 वयाच्या कोणाही खातेदाराला ते घेता येतं. एका चहाच्या पैशात काम होतं, पण फॉर्म भरून घेणारा कोणी भेटत नाही.

म्हणून समितीला माझी विनंती अशी आहे. एक, डीजे नको, नाटक आणा, पण संगीत जिवंत वाजणारं आणा. दोन, ठरलेली रक्कम त्याच रात्री पूर्ण द्या; "उद्या पाहू" म्हणू नका. तीन, वादकांनाही स्टेजवर बोलावून नारळ द्या. चार, आपल्या संस्थेत आम्ही तीन-चार निवृत्त बँकवाले आहोत. दुपारी कलावंत आले की आम्ही टेबल मांडून बसतो आणि ज्यांचा विमा नाही त्यांचे फॉर्म भरून देतो. ज्यांचं खातं असेल त्यांचा पहिल्या वर्षाचा हप्ता माझ्याकडून.

तीस माणसांचा संच धरला तरी ते सहाशे रुपये होतात. एवढ्या पैशात डीजेवाला वायरसुद्धा जोडत नाही!

नाटकाची तारीख लवकर घ्या. मंडईच्या दिवसांत वडशात तारखा मिळत नाहीत.