जुन्या मोटारीचे नवे सुकाणू

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारगाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी प्रेक्षकांची दृष्टी प्रथम चकाकणाऱ्या दिव्यांवर जाते. जाणकार मात्र दारातून आत डोकावून सुकाणूचक्र पाहतो. गाडीची निगा किती आस्थेने राखली आहे, याची साक्ष त्यास तेथे मिळते.

मोटारीच्या जन्माबरोबर हे चक्र आले नाही. आरंभीच्या गाड्या होडीप्रमाणे दांड्याने वळवीत. १८९४ साली पॅरिस ते रूआं या शर्यतीत आल्फ्रेड व्हाशेरॉन याने आपल्या पानार गाडीस चक्र बसविले, आणि हळूहळू दांडा मागे पडला. पुढे पोलादी सांगाड्यावर कठीण रबराचे वा प्लॅस्टिकचे आवरण चढविण्याची रीत पडली. काळाच्या ओघात हे आवरण आकसते, आतील पोलाद आकसत नाही. म्हणून जुन्या चक्रांस तडे जातात. नुसते तडे असतील तर ते भरून घेणेच श्रेयस्कर. सांगाडा गंजला असेल किंवा एखादा आरा निखळला असेल, तर मात्र चक्र बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

नवे चक्र निवडताना हौस बहुधा विवेकावर मात करते. लाकडी कड्याचे छोटे चक्र डोळ्यांस भुरळ घालते. पण जुन्या गाड्यांची चक्रे मोठी असत ती उगीच नव्हे. वळविण्यास यंत्राचे साहाय्य नसल्याने चालकाच्या बाहूंनाच तरफेचा आधार लागे. सतरा इंची चक्राच्या जागी चौदा इंची बसविले, तर तेच वळण घेण्यास सुमारे एकवीस टक्के अधिक जोर लागतो. शिवाय चक्राच्या मध्यभागातील खाचा गाडीच्या दांड्यावरील खाचांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. त्या जुळत नाहीत म्हणून दांडा कानशीने घासणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

प्रत्यक्ष कामाचा क्रम सोपा आहे, पण त्यात घाई खपत नाही. प्रथम बॅटरीची तार सोडवावी, म्हणजे हॉर्नची तार हाताळताना ठिणगी उडत नाही. पुढची चाके सरळ करावीत. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत. त्यांचा मध्य आणि चाकांची सरळ स्थिती जुळते की नाही ते पाहावे. मग दांड्यावर व चक्रावर समोरासमोर खूण करावी. मधला नट सैल करावा, परंतु दोन-चार आट्यांवर तसाच राहू द्यावा. पुलर लावल्यावर घट्ट बसलेले चक्र एकाएकी सुटते, आणि नट नसेल तर ते थेट तोंडावर येते. हातोड्याचे घाव घालणे सर्वथा वर्ज्य. त्याने खालच्या बेअरिंगला व दात्यांना इजा पोहोचते.

नवे चक्र बसविताना दांडा स्वच्छ व कोरडा असावा. छत्तीस खाचा असतील तर एका खाचेची चूक दहा अंशांची होते. वॉशर नवा घालावा, आणि नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावा. नंतर गाडी जॅकवर घेऊन सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. हॉर्न वाजतो का, वळणाचा दर्शक आपोआप बंद होतो का, हे पाहून मगच मोकळ्या मैदानात मंद गतीने गाडी फिरवावी.

एवढी काळजी कशासाठी? जुन्या गाड्यांतील सुकाणूचा दांडा बहुधा एकसंध पोलादी असे. समोरून टक्कर झाली की तो चालकाच्या छातीवर येई. टकरीचा आघात शोषून घेणारी रचना अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीस हे संरक्षण सहसा नसते. तीत बसणाऱ्यांचा भरवसा त्या एका नटावर, काही खाचांवर आणि कारागिराच्या सचोटीवर असतो.

काढलेले चक्र भंगारात टाकू नये. कापडात गुंडाळून, त्यावर गाडीचे नाव व साल लिहून ते जपून ठेवावे. पुढे एखादा कुशल कारागीर भेटला, तर ते दुरुस्त होऊन पुन्हा आपल्या जागी बसेल.