वाट कुणाची, हे आधी पाहावे



आम्हांस या ठिकाणी "विकास आणि प्राणिमात्र" या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले आहे. विषय मोठा आहे आणि आम्ही पडलो बँकेतले कारकून. म्हणून या विषयाचा एक लहानसा भाग आम्ही निवडला आहे. महामार्ग ओलांडता यावा म्हणून वन्य प्राण्यांसाठी ज्या वाटा बांधल्या जातात, त्यांविषयी आम्ही बोलणार आहोत. पण सुरुवात मात्र स्वयंपाकघरापासून करणार आहोत. या दोहोंचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. तो पुढे आपोआप ध्यानात येईल.

घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावर येतात. सोबत अंदाजपत्रक असते. फरशी इतकी, कडप्पा इतका, नळजोडणी इतकी, मजुरी इतकी. पण त्या ओट्यापाशी दिवसातले पाच-सहा तास जी बाई उभी राहणार, तिची उंची किती, ती कोणत्या दाराने ये-जा करते, यासाठी त्यात रकाना नसतो.

आमच्या घरी स्वयंपाकघर नवे करावयाचे ठरले, तेव्हा गवंड्याने सुचविले की परसदार बुजवा, म्हणजे मागच्या भिंतीला सलग ओटा बसेल. कागदावर ते बरोबर होते आणि खर्चही कमी होता. पण आमच्या मातोश्री पहाटेपासून त्याच दाराने वावरतात. पाणी भरणे, भांडी बाहेर नेणे, खरकटे टाकणे, वाळवण उचलणे, सारे तिथूनच. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे. पुढच्या दाराने जावयाचे तर पायऱ्या उतरून घराला वळसा. आम्ही मुलीला सांगितले, आठ दिवस वहीत टिपून ठेव, परसदारातून कोण किती वेळा जाते. दिवसाला चाळीसच्या वर फेऱ्या भरल्या. मग वाद उरला नाही. दार राहिले, ओटा काटकोनात वळविला, आणि त्याची उंची पत्नीच्या कोपराखाली चार इंच मोजून घेतली. खर्च थोडा वाढला, पण घर ज्यांच्या पायांवर चालते, त्यांची वाट शाबूत राहिली.

आता हाच हिशेब रस्त्याला लावून पाहू. जनावरांची वाटसुद्धा परसदारासारखीच असते. पाणवठा, चारा, पिलांची जागा यांना जोडणारी ती वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. आपला रस्ता तिला आडवा जातो. मातोश्री निदान बोलू शकतात. गव्याला आणि बिबट्याला अंदाजपत्रकावर हरकत नोंदविता येत नाही. म्हणून त्यांच्या फेऱ्या कुणीतरी वहीत टिपाव्या लागतात.

आपल्याच राज्यात हे घडले आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना वन्य प्राण्यांचे काय, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर महाराष्ट्रातील टप्प्यात लहान पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ वाटा बांधण्यात आल्या. रस्ता खांबांवर उचलला आणि खालची जमीन जनावरांना मोकळी ठेवली. यांतल्या सर्वांत लांब वाटेची लांबी ७५० मीटर आहे. वाहनांचा आवाज आणि दिव्यांचा झोत खाली येऊ नये म्हणून कडेला आडोसे उभारले. भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावले. २०१९ सालातील मार्च ते डिसेंबर या काळात अठरा जातींचे प्राणी तेथून जाताना दिसले. वाघांनी ८९ वेळा ती वाट वापरली आणि ते वाघ निरनिराळे ११ होते. पुढे समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी खालून आणि वरून वाटा ठेवण्यात आल्या. वरच्या पुलावर माती पसरून झाडोरा लावतात, म्हणजे जनावराला ते जंगलच वाटते.

कॅनडातील बान्फ राष्ट्रीय उद्यानात १९९६ पासून असे पूल आहेत. तेथील अनुभव दोन गोष्टी सांगतो. एक, नुसता पूल पुरत नाही. जनावराला पुलाकडे वळविण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कुंपण लागते. कुंपण आणि वाटा दोन्ही झाल्यावर तेथील वाहन-प्राणी अपघात ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. दुसरी, धीर लागतो. काही अस्वलांना त्या वाटेची सवय व्हावयास कित्येक वर्षे गेली.

आता आपल्या सातारा-सांगलीकडे येऊ. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१८ साली येथे ज्याचे छायाचित्र निघाले, तो वाघ २०२० साली कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात आढळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील एक वाघीण चांदोलीत आणून सोडण्यात आली. पाहुणी आणली, पण तिच्या ये-जा करण्याच्या वाटेचे काय? कराडहून कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणारा रस्ता याच डोंगररांगेला छेदून जातो. इकडे पाटण, कराड, शिराळा भागात बिबट्या उसाच्या फडातही राहतो आणि रात्री रस्ता ओलांडतो. त्यात तो मरतो. कधी मोटारसायकलवरून साखर कारखान्याची पाळी संपवून येणारा आपला भाऊही जखमी होतो.

येथे कुणी म्हणेल, उंब्रजपासून पेठ नाक्यापर्यंत माणसांनाच रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, तिथे जनावरांना पूल कशाला? बंधूंनो, हा प्रश्न रास्त आहे. परंतु शाळेची पोरे, म्हाताऱ्या बाया आणि ऊसतोडणी कामगार यांच्या वाटाही त्याच कारणाने तुटतात. कागदावर सरळ रेघ ओढताना त्यांच्या फेऱ्या कुणी मोजलेल्या नसतात. जो माणूस बिबट्याची वाट पाहून रस्ता आखील, तो शाळेची वाट विसरणार नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो. आपल्या गावाजवळ रस्त्याचे रुंदीकरण निघाले, तर काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत माणसांच्या आणि जनावरांच्या वाटा सांगा. रस्त्यावर जनावर मेलेले दिसले, तर जागा आणि तारीख वनरक्षकाला कळवा. अशा नोंदींवरूनच वाट कुठे हवी ते ठरते. आणि पुलाखाली मोकळी जागा दिसली की तिथे कचरा, टपरी किंवा गाड्या येऊ देऊ नका. स्वयंपाकघरात राखलेल्या वाटेवरही चार दिवसांत गॅसची टाकी आणि धान्याची पोती येऊन बसतात, हे भगिनींना वेगळे सांगावयास नको.

एकदा सिमेंट पडले की पुन्हा फोडणे महाग जाते. विचारणे मात्र स्वस्त असते. त्यासाठी आठ दिवस आणि एक वही पुरते.