भोवळ आणि वृद्धांचा व्यायाम



देवळाली प्रवरेंत जुबिलीच्या आनंदासाठीं आपण जमलों असतां आम्ही घेरीचा विषय काढतों, याचें कारण एवढेंच कीं कांहीं वृद्ध माणसें मिस्सेस येईनाशीं झालीं आहेत. गुडघे टेकून उठतांना भोवळ येते, म्हणून तीं घरीं खाटेवर पडून जपमाळ करितात.

भोवळ म्हणजे पित्त, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. लिंबाचें सरबत घेतलें कीं काम झालें! परंतु तोल राखण्याचें एक यंत्र कानाच्या आंत असतें. तेथील तीन वांकड्या नळ्यांतलें पाणी डोक्याबरोबर हलतें व मेंदूस वार्ता पोंचवितें. फुगडी थांबल्यावरहि पोरींना जग फिरतांना दिसतें, तें याच पाण्यामुळें. एका कानाची वार्ता मंदावली कीं दोन्ही कानांची साक्ष जुळत नाहीं व माणूस गरगरतो. मग तो डोकें न हलवितां पडून राहतो, आणि येथेंच चूक होते. डोकें हललें नाहीं तर मेंदू नवा हिशेब शिकणार कसा?

लंडनचे कॉथॉर्न व कुक्सी या डॉक्टरांनीं 1940 नंतरच्या कांहीं वर्षांत अशा रोग्यांस निजवून न ठेवतां डोक्याचे व डोळ्यांचे व्यायाम दिले, चेंडूचे खेळहि खेळविले. तीच पद्धति सुधारून आज चालते. डॉक्टरांनीं निदान केल्यावर खुर्चीवर बसावें. मान स्थिर ठेवून डोळे वर-खालीं, मग डावी-उजवीकडे न्यावे. नंतर आंगठा समोर धरून त्यावर दृष्टि खिळवावी व मान सावकाश वळवावी. प्रत्येक क्रिया वीस वेळां. मोजण्यास माळेचे मणी आहेतच. पुढें बसल्याचें उभें राहणें, मग भिंतीलगत चालतां चालतां मान वळविणें. शेजारीं घरचें माणूस हवें. थोडी चक्कर यावयाचीच. फार आली तर वेग कमी करावा, व्यायाम सोडूं नये. गुण यावयास आठवडे लागतात.

कूस बदलतांना क्षणभर घेरी येते, त्यांची गोष्ट बहुधा निराळी. कानांतलेच चुन्याचे सूक्ष्म कण त्यांच्या नळींत शिरलेले असतात. अमेरिकेच्या जॉन एप्ले यांनीं 1992 सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें, डोकें क्रमानें फिरवून, ते बाहेर काढतां येतात. मात्र तें जाणत्याच्याच हातून व्हावें. लोणीस प्रवरा वैद्यकीय संस्थेचें फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, तेथें विचारावें. उभें राहतांच अंधारी येत असेल, तर आधीं रक्तदाब व चालू औषधें तपासून घ्यावीं. आणि घेरीबरोबर जीभ जड झाली, हात लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसूं लागले, तर व्यायामाचें नांव न काढतां तत्क्षणीं इस्पितळ गांठावें.

गुण येईपर्यंत या मंडळींनीं बसूनच प्रार्थना करावी. त्यानें मिस्सा उणी होत नाहीं. बांकाच्या कडेची जागा तरुणांनीं त्यांच्यासाठीं मोकळी सोडावी. उठतांना धरावयास तेथें आधार असतो.